घरचं बियाणं

“हे आता भंगारात देऊन टाका.”

एवढंच म्हणाले होते मी. मे महिन्यातली दुपार, साडेतीनचा सुमार. समाजमंदिराच्या पत्र्याखाली गावातली पोरं अभ्यासिका चालवतात. तिथं कोपऱ्यात लोखंडी टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर, अन् त्याच्याभोवती सहा-सात जण श्वास धरून उभे. कूलरच्या ताट्या केव्हाच कोरड्या पडलेल्या, पंखा नुसता गरम वारा अंगावर फेकत होता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकल्या आणि शेवटी एक लुकलुकणारी रेघ उरली. सकाळपासून तिसऱ्यांदा तेच. मी खुर्ची मागं सारली, ओढणीनं घाम पुसला आणि ते वाक्य बोलून गेले. कुणी काहीच बोललं नाही. ज्या पोरानं मला घरून बोलावून नेलं होतं, तो पुढं झाला, डब्यावरची धूळ त्यानं तळहातानं पुसली, वायरी नीट गुंडाळल्या आणि “बरं ताई” म्हणाला. धूळ पुसणारा तो हात माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

मी नागपुरात कॉम्प्युटरचंच काम करते. दारव्ह्याच्या पुढं, डांबरी सोडून आत वळलं की आमचं गाव. वर्षातून दोनदा माहेरी येणं होतं आणि तेवढ्या दिवसांत गावभरचे रुसलेले मोबाइल, न छापणारे प्रिंटर माझ्यापुढं येतात. मलाही ते आवडतं. अभ्यासिकेतला कॉम्प्युटर दोन वर्षांपूर्वी पोरांनी जुना घेतलेला. गणपतीच्या वर्गणीतून उरलेले पैसे होते, काही जणांनी सोयाबीन सोंगायला जाऊन आपली मजुरी टाकली होती. तिसऱ्या पिढीचा आय थ्री प्रोसेसर, म्हणजे 2012 च्या आसपासचा, चार जीबी रॅम. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक अशा परीक्षांचे सराव पेपर सोडवायला त्यांना एक धड चालणारा ब्राउझर हवा, बाकी काही नको. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज दहाचा सपोर्ट संपला. अकरा घ्यायचं तर प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा लागतो, टीपीएम नावाची चिप लागते, आणि या डब्यात दोन्ही नाही. मी फोनवरच सांगितलं होतं, काळजी नका करू, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकून देते, अजून पाच-सहा वर्षं पळेल. ते माझ्या भरवशावर थांबले होते.

तर त्या दिवशी मी तयारीनिशी गेले. नागपूरहून निघताना एका रस्त्यावरच्या गाडीवरून दोनशे रुपयांत घेतलेला चकचकीत पेनड्राइव्ह, 64 जीबीचा. त्यावर रात्रीच माझ्या लॅपटॉपवरून रुफस नावाचा प्रोग्राम लावून मिंट उतरवून घेतलं होतं. हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली, तळाशी ‘रेडी’ आलं. झालं काम, असं वाटलं. पोरांच्या नोट्स आधी माझ्या लॅपटॉपवर काढून घेतल्या आणि एफ 12 दाबलं, तर कशावरून चालू व्हायचं त्या यादीत पेनड्राइव्हच नाही. पुढचं भोक सोडून मागच्या भोकात लावला, दिसला. या जुन्या डब्यांच्या पुढच्या यूएसबीच्या वायरी आत ढिल्या झालेल्या असतात, त्यामुळं हे मला नवीन नव्हतं. निवडला, तर पडद्यावर इंग्रजीत मोठा निरोप आला, की ही ड्राइव्ह फक्त यूईएफआय या चालू व्हायच्या नव्या पद्धतीनं चालते आणि तुम्ही जुन्या बायोस पद्धतीनं चालवायला निघाला आहात. बरोबर होतं. मीच लिहिताना जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीची मांडणी, निवडली होती. सेटिंगमध्ये गेले, लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, काढून यूईएफआय केलं, जपून ठेवलं. मिंटची यादी उमटली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या ओळीवर एंटर दाबायला बोट नेलं आणि लाइन गेली.

अर्ध्या तासानं लाइन आली आणि पुन्हा तोच निरोप, की जुन्या पद्धतीनं चालत नाही. मी केलेलं सेटिंग पुसून गेलेलं, घड्याळ थेट 2012 सालच्या 1 जानेवारीला जाऊन बसलेलं. पुन्हा यूईएफआय केलं, पुन्हा यादी आली, या वेळी एंटर दाबलाही. मिंटचं चिन्ह क्षणभर दिसलं आणि मग त्या ओळी सुरू झाल्या. स्क्वॅशएफएस, म्हणजे मिंटच्या मोठ्या फाइलीची एरर, अमुक ब्लॉक वाचता येत नाही, तमुक ब्लॉक वाचता येत नाही. बंद करून परत केलं. तेच. परत केलं. तेच. मला आतून राग यायला लागला होता आणि तो राग त्या डब्यावर जाऊन बसला. भोक खराब, घड्याळ खराब, लाइन गेली की आठवण खराब, आता वाचताही येत नाही. एवढे पुरावे गोळा झाल्यावर निकाल द्यायला कितीसा वेळ लागतो?

घरी आले तेव्हा बाबा ओसरीवर गोणपाट भिजवत बसले होते. मृग पंधरा दिवसांवर आलेला, त्यांची दरवर्षीची वेळ. पोत्यात वेगवेगळ्या थरांतून हात घालून मूठ-मूठ सोयाबीन काढायचं, त्यातलं बारीक-मोठं न निवडता, जसं येईल तसं, शंभर दाणे मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी. वरून दुसरा ओला तुकडा, मग अलगद गुंडाळी करून ती सावलीत ठेवायची आणि रोज हातानं पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून मोजायचं. सत्तरच्या वर निघाले तर नेहमीसारखं एकरी तीस किलो, खाली गेले तर बियाणं वाढवायचं, फारच खाली गेले तर ते पोतं ढेपीच्या भावानं विकायचं. ओल्या तागाचा तो मातकट वास मला लहानपणापासून शाळेच्या नव्या पुस्तकांच्या वासासोबत आठवतो, कारण दोन्ही एकाच आठवड्यात घरात यायचे.

मी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. मशीन जुनं आहे, घड्याळ टिकत नाही, वाचता येत नाही. बाबांना त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. ओळ लावता लावता त्यांनी विचारलं, “अन् तुयं ते पाह्यलं का?”

“कोणतं?”

“जे तू घालाले नेलतं. ते.”

“ते नवीन आहे बाबा. माझंच आहे.”

ते काही बोलले नाहीत. पुढची ओळ लावली. मग बऱ्याच वेळानं, जसं गायीबद्दल सांगावं तसं म्हणाले, “माह्यंबी घरचंच हाय. घरचं हाय म्हणूनच पाह्य लागते. इकतच्या बॅगीले नावं ठेवता येते, घरच्याले कोनाले ठेवसान?”

2020 च्या खरिपात आमच्याकडं विकतच्या पिशव्या आणल्या होत्या. पाऊस चांगला झाला, पेरणी वेळेवर झाली, आणि आठ दिवसांनी वावर तसंच काळंभोर. कुठं कुठं एखादी कोवळी टोपी वर आलेली. त्या वर्षी आमच्याच नाही, महाराष्ट्रभर कितीतरी वावरांत सोयाबीन उगवलं नाही. तक्रारी झाल्या, पंचनामे झाले. मला आठवतं ते एवढंच, की बाबा तासात बसून बोटानं माती उकरत होते आणि सडून फुगलेला दाणा काढून दोन बोटांत दाबून बघत होते. दाणा बाहेरून अगदी शाबूत, पिवळा, गोल. सोयाबीनचं साल फार पातळ असतं आणि कोंब त्या सालाला लागूनच. थ्रेशर जरा जोरात फिरला, पोतं गाडीवरून आदळलं, की आतल्या आत मरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. दुबार पेरणीसाठी आईच्या पाटल्या गेल्या. तेव्हापासून बाबा आपल्याच शेतातलं जेएस 335 वाणाचं सोयाबीन राखून ठेवतात, मळणीला स्वतः उभे राहतात, पोतं कुणाला टाकू देत नाहीत, आणि एवढं करूनही शंभर दाणे मोजतात.

रात्री जेवण झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. आधी मूळ फाइल. मिंटवाले त्यांच्या प्रत्येक फाइलीसोबत शा 256 ची ओळ देतात, 64 अक्षर-अंकांची. जवळजवळ तीन जीबीच्या त्या फाइलीत कुठंतरी एक बिट जरी इकडचं तिकडं झालं, तरी ही ओळ ओळखू येणार नाही इतकी बदलते. गावात मोबाइलच्या नेटवर फाइल उतरवताना कितीदा तुटते, म्हणून आधी तिथंच संशय होता. ओळ काढली, चार-चार अक्षरांनी ताडून बघितली. शेवटच्या अक्षरापर्यंत जुळली. म्हणजे पोतं चांगलं होतं. मग पेनड्राइव्ह. त्याला एच टू टेस्ट डब्ल्यू लावलं. हा छोटा प्रोग्राम ड्राइव्हवर शेवटच्या कोपऱ्यापर्यंत माहिती लिहितो आणि मग तीच परत वाचून बघतो, लिहिलेलं आणि वाचलेलं एकच आहे का. सेकंदाला पाच एमबीच्या चालीनं ते रेंगाळत होतं, चार-साडेचार तास सहज लागणार होते. मी बाजेवर पडले. अंगणात उकाडा, आभाळात नुसत्या विजा, कुठंतरी लांब पाऊस पडत असावा.

झोप येईना तेव्हा विहिरीवरची मोटार आठवली. लहानपणी बाबांसोबत वावरात गेले की माझं एक ठरलेलं काम असायचं, मोटारीत पाणी भरायचं. मोटार विहिरीतून पाणी खेचते खरी, पण आधी तिच्या पोटात आणि पाइपात पाणी भरलेलं लागतं, नाहीतर ती नुसती घुरघुर करत फिरते. पाणी उचलत नाही. पाणी काढायला आधी पाणी लागतं, हे सातव्या-आठव्या वर्षी फार विचित्र वाटायचं. मी तांब्यानं ओतत राहायचे आणि काही केल्या भरायचं नाही, मग बाबा म्हणायचे, फुटवाल गळते. पाइपाच्या पार तळाच्या टोकाला, पाण्याखाली, कुणाला कधी न दिसणारी ती झडप. तिच्यात एखादी काडी अडकली तरी वर ओतलेलं सगळं खाली निघून जायचं. मोटार नवी असो, पाच एचपीची असो, स्टार्टर चांगला असो. कॉम्प्युटर सुरू होतो तेही असंच. चालू होण्यासाठी जी व्यवस्था लागते ती वाचून घ्यायला आधी काहीतरी चालू असावं लागतं. म्हणून जुन्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या 512 बाइट्समध्ये थोडंसं पाणी भरून ठेवलेलं असतं, आणि त्यातले शेवटचे दोन बाइट ठरलेलेच हवेत, 55 आणि एए. नव्या पद्धतीत मशीन ईएफआय नावाच्या फोल्डरात, त्यातल्या बूट नावाच्या फोल्डरात, एका ठरलेल्या नावाची फाइल शोधतं. तेवढं सापडलं की पुढचं वाचायला लागतं. मशीनला याच्या पलीकडं काही ठाऊक नसतं. आपण तळाशी काय ठेवलं, त्यावर ते विसंबून असतं.

मिंटची यादी दिसली म्हणजे मशीननं त्याचं काम केलं होतं. ठरलेल्या जागी गेलं होतं, ठरलेली फाइल वाचली होती. पुढं वाचायला गेलं तर तिथं काही नव्हतं, आणि त्यानं तसं सांगितलंही होतं, ओळीमागून ओळ. मी ते ‘याला वाचता येत नाही’ असं वाचलं.

पहाटे तीनच्या पुढं उठून बघितलं. 1.9 जीबी ठीक, बाकी सगळी माहिती गेलेली. छप्पन जीबीच्या वर नुसता पोकळ आकडा. अशा ड्राइव्हच्या आतल्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. विचारलं की 64 सांगतो, लिहायला दिलं की हो हो म्हणतो, आणि खऱ्या चिपमध्ये मावेल तेवढं सोडून उरलेलं टाकून देतो. सुरुवातीच्या फाइली त्या खऱ्या तुकड्यात बसल्या, म्हणून यादी आली. मोठी फाइल अर्धी आत, अर्धी कुठंच नाही. रुफसमध्ये खराब ब्लॉक तपासायची एक चौकट आहे. ती खूण मी केली नव्हती, कारण वेळ लागतो, आणि ड्राइव्ह माझा होता, नवा होता. पोरांच्या डब्यातली प्रत्येक गोष्ट मी उलटीपालटी करून बघितली. माझ्या हातातली एक नाही. मला ओसरीवर एकदम रडू आलं. आई जागी झाली, “काहून वो, काय झालं?” म्हणाली. मी म्हटलं, डास चावतात.

सकाळी अभ्यासिकेत गेले. मला बोलावून नेणारा तो पोरगा झाडत होता. मी म्हटलं, चल, दारव्ह्याला जाऊ. त्याच्या गाडीवर मागं बसून गेले. वाटेत शकुंतला रेल्वेचे रूळ दिसले, बाभळींत कुठं शिरतात कुठं निघतात ते कळेना. घड्याळवाल्याकडून 2032 नंबरचा सेल घेतला, तीन व्होल्टचा, वीस मिलिमीटर रुंद नि 3.2 मिलिमीटर जाड, त्याचं मापच त्याच्या नावात असतं. मदरबोर्डवरचा जुना सेल मेल्यामुळं लाइन गेली की घड्याळ आणि सेटिंग दोन्ही पुसत होतं. तेवढीच त्या मशीनची खरी दुखणी, हा सेल आणि पुढची ढिली वायर. नवा पेनड्राइव्ह मात्र तिथल्या दोन्ही दुकानांत मिळेना. एक दुकान बंद, दुसऱ्यात संपलेले.

परत येताना तोच म्हणाला, “ताई, मंदिरातला चालंन का?”

मारुतीच्या देवळातल्या भोंग्याच्या डब्याला एक पेनड्राइव्ह कायमचा लावलेला असतो. आठ जीबीचा, टोपण हरवलेलं, मधून तडा गेलेला, वर काळा टेप गुंडाळलेला. पहाटे काकडा आणि संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी राष्ट्रसंतांची भजनं त्यातूनच वाजतात. पुजारीबुवांनी तो काढून दिला, पण बजावून, “सांजच्या प्रार्थनेच्या आंदी पायजे हं बाई.” मी सगळी भजनं आधी लॅपटॉपवर काढली, मोजली, एक-दोन वाजवून बघितली. मग तो ड्राइव्ह शेवटपर्यंत तपासला. आठच्या आठ खरे निघाले, एक ब्लॉक खराब नाही. मग त्यावर मिंट लिहिलं, आणि लिहून झाल्यावर प्रत्येक फाइल मूळ फाइलीशी ताडली. या सगळ्यात दुपारचे दोन वाजले. तो शेजारी बसून बघत होता, मध्ये मध्ये विचारत होता, हे कायले, ते कायले. मी काही न गाळता सांगत होते.

सेल बसवला, तारीख लावली, यूईएफआय केलं. मुद्दाम स्विच बंद करून पाच मिनिटं थांबलो, पुन्हा लावलं. घड्याळ जागेवर होतं. मग एफ 12. यादी. एंटर. मिंटचं चिन्ह, त्याखाली फिरणारे ठिपके, आणि ते ठिपके फिरत असताना माझ्या पोटात गोळा आला, नोकरीच्या मुलाखतीलाही आला नसेल असा. पडदा उजळला. मिंट त्या तडा गेलेल्या, देवळाच्या शेंदराचा डाग पडलेल्या ड्राइव्हवरून शांतपणे चालू झालं.

मी त्याच्याकडं वळले. काल रात्रीपासून मनात जुळवलेलं बोलायला लागले, की मी काल जे भंगार म्हणाले ना, ते… तर तो घाईनं म्हणाला, “ताई, वावधन सुटन असं वाट्टे. लाइन हाय तवर टाकून घ्या.” खरंच पश्चिमेला आभाळ काळवंडलं होतं. मी इन्स्टॉलवर क्लिक केलं. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही दोघं त्या सरकणाऱ्या पट्टीकडं बघत बसलो. पत्र्यावर धूळ आदळायला लागली, कुणीतरी धावत जाऊन दार लोटलं, आणि पट्टी शेवटाला पोचल्यावर त्यानं पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला. मग खाली बघून, सहज सांगितल्यासारखं म्हणाला, “काल सांजी भंगारवाल्याले इचारलं होतं मी. सहाशे देतो म्हने. टीव्हीसगट.” मॉनिटरला तो टीव्ही म्हणतो. मला काय बोलावं सुचलं नाही. मी भजनं परत टाकायला घेतली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी गुंडाळी ओसरीवर आणली. अभ्यासिकेतला तो पोरगा माझा चार्जर द्यायला आला होता, तर बाबांनी त्यालाही बसवलं. गोणपाट उलगडलं तसा तो ओला वास पसरला. पांढरे, बोटाच्या पेराएवढे कोंब, काहींना डोक्यावर साल अजून चिकटलेलं. देवळातून भजन सुरू झालं होतं, नेहमीसारखं पहिल्या ओळीत थोडं अडखळून. वरच्या पाच ओळी मला, खालच्या पाच त्याला. माझ्यात अडतीस निघाले, त्याच्यात त्रेचाळीस.

“एक्याऐंशी,” मी म्हटलं. “चांगलं आहे की बाबा.”

बाबांनी मान हलवली नाही. “आता तू त्याच्या इकून मोज, अन् तो तुया इकून मोजन,” म्हणाले. मी उठून त्याच्या बाजूला गेले, तो सरकून माझ्या जागी बसला, आणि पहिल्या दाण्यावर बोट ठेवून मी मोजायला लागले.